फलकलेखन : निरंक

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

मुख्याध्यापिका विजयमाला मॅडमनी आज सभेत दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे या महिन्यात प्रत्येक शिक्षकानं दुसऱ्या एका शिक्षकाचा तास बघायचा आणि पाठनिरीक्षणाचा तक्ता भरून द्यायचा. दुसरी जास्त महत्त्वाची. सप्टेंबरात सोलापूर जिल्ह्यातले चाळीसेक विज्ञान शिक्षक आमच्या शाळेत येणार, त्यांच्यापुढं आठवीच्या अणूच्या धड्यावर नमुना पाठ होणार. आठवी अ माझ्याकडे, आठवी ब शिवयोगी सरांकडे. पाठ दोघांपैकी एकानं घ्यायचा. ज्याचा पाठ चांगला होईल त्याला पुढच्या वर्षी दहावीचं विज्ञान, असं मॅडम काही म्हणाल्या नाहीत, पण बोलताना माझ्याकडे बघून हसल्या.

मला काळजी नाही. नऊ वर्षं इथं शिकवते आहे, आणि खरं सांगायचं तर माझ्याइतकी तयारी या शाळेत कुणी करत नाही. शिवयोगी सर तीस वर्षं तोच धडा तसाच सांगत आले आहेत. पोरं लिहून घेतात, पाठ करतात, विसरतात. निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत त्यांची.

मी अणू व्याख्येनं सुरू करणार नाही. गोष्टीनं करणार. कणादापासून बोरपर्यंत. कुणाला काय वाटलं, का वाटलं, कुठं चुकलं. चार तासांचा धडा मी बारा तास घेणार. मॅडमना अजून बारा सांगितलेले नाहीत, आठ सांगितले आहेत.

६ ऑगस्ट, बुधवार

आजचा तास झकास! डाल्टन. मी सुरुवातच अशी केली, "इंग्लंडातल्या एका खेड्यात एक विणकर होता. घरात हातमाग. त्याच्या पोरानं सांगितलं की सगळं जग अणूंचं आहे." अर्धा वर्ग पूर्व भागातला, विणकरांच्या घरचा. मागच्या बाकावर कधी मान वर न करणारी पोरं एकदम ताठ बसली. एक म्हणाला, "मॅडम, आमच्या आजोबांचा पण हातमाग होता." मी म्हटलं, मग काढा की तुम्ही पण एखादा सिद्धांत! वर्ग हसला.

मधली भिंत पातळ आहे. पलीकडून सरांचा आवाज येत होता, एका सुरात. "लिहा. अणू. अविभाज्य. स्वल्पविराम." बिचारी ब तुकडी.

७ ऑगस्ट, गुरुवार

निरीक्षणासाठी मॅडमनी मला सरांचाच तास दिला. गेले. जे पाहिलं ते इथं जसंच्या तसं लिहून ठेवते, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की दाक्षायणीनं आकसानं लिहिलं.

मी दारातून आत आले तर सर म्हणाले, "या मॅडम, बसा," आणि हात केला तो रिकाम्या भिंतीकडे. मी दाराशीच उभी होते. टोमणा असावा. मी लक्ष दिलं नाही.

पुस्तक टेबलावर बंद. तासभर उघडलं नाही. खडूला हात नाही. आकृती हवी होती तेव्हा सुकन्या नावाच्या मुलीला उठवलं आणि बसल्या जागेवरून सांगत राहिले, "मध्ये वर्तुळ. तुझ्या तळहाताएवढं. आता त्याच्या बाहेर दोन बोटं सोडून दुसरं." काढणारी ती, सर निवांत. वह्या तपासायच्या तर एका पोरानं दुसऱ्याची वही मोठ्यानं वाचून दाखवायची आणि सरांनी मान हलवायची. उत्तर द्यायला उठलेलं प्रत्येक पोर आधी स्वतःचं नाव सांगतं. "मी सुकन्या, सर." "मी सिद्धू, सर." लष्करात असल्यासारखं. वर्षभर तेच वर्ग, तीच पोरं, आणि नावं कसली सांगायची? जुन्या वळणाची शिस्त.

तक्ता भरला. फलकलेखन : निरंक. वही तपासणी : विद्यार्थ्यांकडून करून घेतात. विद्यार्थ्यांशी दृष्टिसंपर्क : नाही. एकही शब्द खोटा नाही. सही करून मॅडमच्या टेबलावर ठेवला.

११ ऑगस्ट, सोमवार

आज सर माझ्या तासाला आले. शेवटच्या बाकावर बसले आणि पाच मिनिटांत डोळे मिटले. मी थॉमसन शिकवत होते, बुंदीचा लाडू घेऊन गेले होते. लाडू म्हणजे धन प्रभार, बेदाणे म्हणजे इलेक्ट्रॉन. पोरं खूश. सर झोपेत.

तास संपल्यावर दारात थांबले. म्हणाले, "मॅडम, गोष्ट छान सांगता. खिडकीकडच्या रांगेतून कुणीतरी दोनदा 'पण' म्हणालं. तुम्ही पुढं गेलात."

झोपलेल्या माणसाला 'पण' बरा ऐकू येतो!

त्यांनी भरलेला तक्ताही मिळाला. चार ओळी, त्याही पोराच्या अक्षरात. एवढंसं लिहायचे पण कष्ट नकोत.

(खिडकीकडे खरंच कुणी म्हणालं का? आठवत नाही.)

१३ ऑगस्ट, बुधवार

आज मनासारखं झालं नाही.

रदरफोर्डच्या आधी एक खेळ घ्यायचा हे मी जूनपासून ठरवलं होतं. आमचे हे, गुरप्पा, कुर्डुवाडीला रेल्वेत आहेत, शनिवारी घरी येतात. रविवारी त्यांच्याकडून प्लायवूडची एक मोठी फळी करून घेतली. फळीच्या खाली लाकडाचा एक तुकडा चिकटवलेला, वरून दिसत नाही. फळी जमिनीपासून चार बोटं वर. बाजूनं गोट्या सोडायच्या, कुठून आत गेली, कुठून बाहेर आली ते बघायचं आणि आत कोणता आकार आहे ते ओळखायचं. वाकून बघायचं नाही. रदरफोर्डनं सोन्याच्या पत्र्यावर कण सोडले ते असंच.

पंचेचाळीस पोरं. गोट्याच गोट्या. दहा मिनिटांत सगळ्यांनी एका आवाजात सांगितलं, "गोल, मॅडम!" का गोल? "कारण केंद्रक गोल असतं." पुस्तक पुढचं वाचून आले होते. गोट्या नुसत्या घरंगळवल्या, बघितल्याच नाहीत.

आत त्रिकोण होता.

घरी येताना वाटत राहिलं, मी सांगितलेल्या गोष्टीसुद्धा ती अशीच ऐकतात का? मला काय ऐकायचं आहे ते ओळखून परत देतात? असो. पहिलाच प्रयोग होता.

१४ ऑगस्ट, गुरुवार

मला राग आला आहे आणि तो रास्त आहे.

सरांनी काल शिपायामार्फत फळी मागून घेतली. मी दिली. आज मधल्या सुट्टीआधी ब तुकडीत गेले तर सुकन्या फळीपाशी उकिडवी बसलेली. ही सांगोल्याकडची, धनगराच्या घरातली, इथं आत्याकडे राहून शिकते. मला बघून उठली.

"मॅडम, आत तीन कडा हायत. आन एक कोपरा तुटल्याला हाय."

मी चमकले. तुकडा चिकटवताना ह्यांच्या हातून कोपऱ्याची कपची उडाली होती. ते मला आणि ह्यांनाच माहीत.

"कसं कळलं?"

"सरांनी डोळं मिटायला लावलं. म्हणले, आदी काय हुतंय ते सांगा, काय हाय ते मागनं. गोटी सरळ कडंला लागली की टक्क वाजतंय. कोपऱ्याला लागली की नुसतं चाटून जातंय. ह्या अंगाला चाटून जायाच्या जागी टक्क वाजलं. म्हंजे तितं बारकी कड हाय की."

हे आठवीतल्या पोरीला आपणहून सुचलं यावर माझा विश्वास बसेना. सर खुर्चीत बसलेले. मी म्हटलं, "सर, खाली बघून आधीच सांगितलंत ना पोरांना? खेळाचा अर्थच गेला मग."

 सर म्हणाले, "मी पाहिलेलं नाही, मॅडम."

"फळी काल संध्याकाळपासून तुमच्याकडे होती."

"हो. पण पाहिलेलं नाही."

सगळा वर्ग चिडीचूप. सुकन्याचं तोंड असं झालं की जणू मी तिलाच काही बोलले. चोरी पकडली गेली की वर्ग असाच गप्प होतो. मी फळी उचलून आणली.

१८ ऑगस्ट, सोमवार

मॅडमनी बोलावलं. संस्थेनं सगळे निरीक्षण तक्ते मागवून वाचले. शिवयोगी सरांना बुधवारी खुलाशासाठी बोलावलं आहे. "तुम्ही लेखी दिलंत, मला पुढं पाठवणं भाग होतं," मॅडम म्हणाल्या. आवाज कोरडा होता. नमुना पाठ बहुतेक मीच घेणार. हेही त्यांनी कोरडेपणानंच सांगितलं.

आनंद व्हायला हवा होता. झाला, थोडा.

२० ऑगस्ट, बुधवार

सर संस्थेच्या कार्यालयात, म्हणून दोन्ही तुकड्या एकत्र माझ्याकडे. नव्वद पोरं, सभागृह, रदरफोर्ड. असा तास मला आवडतो.

मी सांगितलं, प्रयोगशाळेत मिट्ट काळोख. अर्धा तास नुसतं बसायचं, डोळे काळोखाला सरावेपर्यंत. मग पडद्यावर ठिणगीपेक्षा बारीक चमक दिसायची, ती मोजायची. एक, दोन, तीन. जवळजवळ सगळे कण सोन्याच्या पत्र्यातून आरपार. आठ हजारांत एखादा उलटा फिरून यायचा. त्या एका उलट्या कणावरून कळलं की अणू बहुतेक पोकळ आहे आणि मध्ये काहीतरी घट्ट बसलं आहे.

सुकन्या उठली. "मी सुकन्या, मॅडम. रदरफोर्ड सोता मोजत हुते का?"

"फारसं नाही. त्यांना इतका धीर नव्हता. गायगर मोजायचा आणि मार्सडेन. मार्सडेन विद्यार्थी होता, वीस वर्षांचा."

"म्हंजे पोरं बघून सांगायची आन अर्थ सर लावायचे."

"बरोबर."

"मग रदरफोर्ड सरांना दिसलं नसतं तरी चाललं असतं की."

अ तुकडी हसली. ब तुकडीतलं एकही पोर हसलं नाही. पंचेचाळीस पोरं बाकांकडे बघत होती. सिद्धूनं तिचा हात खाली ओढला आणि हळू म्हणाला, "गप की. सांगायचं न्हाय ठरलंय ना."

मी फळ्याकडे वळले, आकृती काढायला. हात वर गेला आणि तिथंच राहिला. मी सुकन्या, सर. तळहाताएवढं वर्तुळ. रिकाम्या भिंतीला 'या मॅडम, बसा'. मी पाहिलेलं नाही, मॅडम.

गेले दोन आठवडे मी पोरांना सांगते आहे की जे दिसत नाही ते कसं ओळखायचं. पंचेचाळीस पोरांनी ओळखलं होतं, आणि ओळखून पोटात ठेवलं होतं. मी तक्ता भरला.

तास कसा पुरा केला ते आठवत नाही. पुरा केला एवढं खरं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

शाळा सुटल्यावर स्कूटी काढून जुळे सोलापूरला सरांच्या घरी गेले. दार त्यांच्या पत्नी चंद्रव्वाकाकूंनी उघडलं. मी नाव सांगितलं. काकूंचा चेहरा बंद झाला, पण पाणी आणून दिलं.

सर म्हणाले, "बसा. डावीकडे खुर्ची आहे." या वेळी हात बरोबर खुर्चीकडे केला. घर त्यांचं आहे.

मी काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं.  म्हटलं एवढंच, "सर, मला माहीत नव्हतं."

"सहा वर्षं झाली. डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे. कडेनं काळोख आत येत येत आता मध्ये जेमतेम एक भोक उरलंय. तेही धुकट. तुमचा तक्ता खरा होता, मॅडम. तक्त्याचा मला राग नाही."

"मग?"

"पोरांपुढं मला खोटारडा म्हणालात. आणि 'पाहिलेलं नाही' हे त्यांच्यादेखत माझ्याकडून दोनदा वदवून घेतलंत. त्याचा आहे."

मी माफी मागितली. ते 'असू दे' म्हणाले नाहीत. मला ते बरं वाटलं, का ते कळत नाही.

मग म्हणाले, "आलाच आहात तर एक काम करा. ही लिहून देत नाही." काकू आतून म्हणाल्या, "मी जन्मात लिहिणार नाही." सर म्हणाले, "स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज आहे. मी सांगतो, तुम्ही लिहा. काल संस्थेत डोळ्यांचं कबूल करून आलोय. वर्षभर त्यांच्या चौकशीला तोंड देत बसण्यापेक्षा हे बरं."

काकूंनी कागद आणि पेन माझ्यापुढं ठेवलं आणि माझ्याकडे असं बघितलं की बघ, काय करतेस.

सर सांगू लागले. मी लिहू लागले. पण मी त्यांचं लिहिलं नाही. काल त्या तासापासून हाच विषय डोक्यात होता, दुपारी वकील असलेल्या चुलतभावाला फोनही केला होता. नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून अनुदानित शाळेच्या शिक्षकाला काढता येत नाही, कायदा आहे. सर पाच ओळी बोलले, मी पंधरा लिहिल्या. ते थांबले. "पेन अजून चालतंय तुमचं."

"वाचून दाखवते."

वाचलं. माझी दृष्टी अधू झाली आहे. कायद्यानं मला सेवेत राहण्याचा हक्क आहे. कृपया फळ्यासाठी व वह्यांसाठी सहायक द्यावा. आठवी ब चा निकाल सहा वर्षांत कधीही शाळेच्या सरासरीखाली गेलेला नाही, कृपया नोंद घ्यावी. (हे मी सकाळी नोंदवहीत बघून आले होते. माझ्या अ चं तसं नाही.) सहायक म्हणून श्रीमती दाक्षायणी यांनी तयारी दाखवली आहे.

"हे मी सांगितलं नव्हतं," सर म्हणाले.

"नाही. पटत नसेल तर फाडा. मग तुमचं लिहून देते, शब्द न् शब्द."

 काकू दाराच्या चौकटीला धरून उभ्या. बाहेर पोरं क्रिकेट खेळत होती, त्यांचा आरडाओरडा तेवढा.

"'कृपया' दोनदा आलंय," सर म्हणाले. "एक काढा. हक्क म्हणायचं आणि वर कृपया कशाला?"

मी एक खोडलं.

"सही कुठं?"

त्यांचं बोट धरून कागदावर टेकवलं. सही अजून सुरेख आहे त्यांची, मोत्यासारखी.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

अर्ज विजयमाला मॅडमना दिला. सगळं समजावून सांगू लागले, सरांना सहा वर्षं दिसत नाही वगैरे. मॅडम ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "दाक्षायणी, सहा वर्षं त्यांचा वर्ग तळमजल्यावरच का असतो?"

मला वाटायचं ज्येष्ठतेचा मान.

"पण तुम्ही लेखी दिल्यावर मी झाकू शकत नव्हते," त्या म्हणाल्या. "आता हेही लेखी आलंय. हे पण झाकणार नाही."

मॅडमना माहीत, शिपायाला माहीत, पोरांना माहीत. सगळ्या शाळेत एक मीच हुशार!

६ सप्टेंबर, शनिवार

गणपतीच्या सुट्टीत लिहिलं नाही. आज विसर्जन, सुट्टी.

संस्थेशी दोनदा बोलणं झालं. दुसऱ्या वेळी मीही सरांबरोबर गेले आणि कायद्याची प्रत सचिवांच्या पुढं ठेवली. ते म्हणाले, "मॅडम, तक्रार तुमचीच होती ना?" मी म्हटलं, "निरीक्षण माझं होतं. तक्रार नव्हती. आणि निरीक्षण अपुरं होतं." ते हसले. सिव्हिलच्या तपासणीचा दाखला आणायचा, मग सर सेवेत कायम, सहायकासह. लेखी मिळालं तेव्हाच मी उठले.

सर बाहेर आल्यावर म्हणाले, "सहा वर्षं लपवलं. कशाला लपवलं कुणास ठाऊक." आणि रिक्षात बसेपर्यंत स्वतःशीच हसत होते.

घटक चाचणीचे पेपर तपासले. सनावळीत अ पुढं. 'का ते सांगा' या प्रश्नात ब कितीतरी पुढं. मी बारा तास आणि लाडू घेऊनसुद्धा.

नमुना पाठ सरांनी घ्यावा, फळा मी सांभाळीन, असं मी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "नक्की?" मी म्हटलं, नक्की. घरी येऊन ह्यांना फोनवर सांगितलं तर तेही म्हणाले, "नक्की?" माझ्याविषयी लोकांचं काय मत आहे ते कळलं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

झाला पाठ. चाळीस म्हणता म्हणता पंचावन्न शिक्षक आले. दोन्ही तुकड्यांतली निवडक पोरं पुढं. सर स्टुलावर, मी फळ्यापाशी.

सरांनी आल्या आल्या सांगून टाकलं, "मला दिसत नाही. मॅडम काढतील, मुलं बघतील, मला सांगतील." मग डाल्टन. डाल्टनला रंग नीट दिसत नसत, त्यानं आपल्या डोळ्यांचाच अभ्यास केला आणि मेल्यावर डोळे तपासायला ठेवून गेला. मला हे माहीत होतं आणि मी वर्गात सांगितलं नव्हतं. मला ते किरकोळ वाटलं होतं. सरांनी सांगितलं तेव्हा सभागृहात कुणाची चूळबूळ नव्हती. मग थॉमसन, मग रदरफोर्ड. प्रत्येकाच्या आधी पोरांना विचारायचं, "आत्ता आपल्याला काय काय माहीत आहे? तेवढ्यावरून काय म्हणता येईल?" पोरं चुकत होती, एकमेकांना खोडत होती. सर कुणाला चूक म्हणत नव्हते. "यानं कोणती गोष्ट सुटत नाही?" एवढंच.

शेवटी प्रश्न. बार्शीकडचे एक सर उठले. वाईट हेतू नव्हता त्यांचा. म्हणाले, "सर, आदर ठेवून विचारतो. न दिसता अणूचा धडा कसा काय शिकवता?"

सर म्हणाले, "तुम्हाला दिसतो?"

टाळ्या. सुकन्या टाळ्या वाजवताना उभीच राहिली. मी पण वाजवल्या, हातातला खडू तसाच, सगळी भुकटी साडीवर.

दहावीचं अजून ठरलेलं नाही. मीच असेन बहुधा, आणि चांगलं शिकवीन. पण सरांना विचारून.

परत सोडायला सरांना स्कूटीवर मागं बसवलं.  मला वाटलं, आता काहीतरी चांगलं बोलतील, निदान आजच्या दिवशी. घराशी उतरले, खांद्यावरचा हात काढला आणि म्हणाले, "मॅडम, एक सांगू? पोरं सांगत होती, तुमची वर्तुळं अंड्यासारखी येतात."

मी म्हटलं, "घाईत काढली, सर."

"काही बिघडत नाही. बोरनंतर इलेक्ट्रॉनच्या कक्षा लंबवर्तुळाकार असतात असंही एकानं मांडलं होतं. पोरांना म्हणावं, मॅडम जरा पुढचं शिकवत होत्या."

आणि फाटकाची कडी चाचपून, उघडून, सरळ आत गेले.